चावऱ्या गारा

माझी वहिनी फोनवर नेहमी ओरडून बोलते. भोरहून माझ्या वरव्यापर्यंतचं अंतर आपल्या आवाजानंच कापायचं आहे, अशा थाटात. त्या सकाळी मी ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. फोन वाजला आणि पलीकडून वहिनी अगदी हळू म्हणाली, "वन्सं... या तुम्ही." माझा थोरला भाऊ, अण्णा, पहाटे झोपेतच गेला होता. त्याचं हृदय थकलं होतं. मी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून केली. त्याच्या पावलावर बोट दाबलं की पडणारा खळगा भरून यायला किती वेळ लागतो, हे मी दीड-दोन वर्षं बघत होते. तेव्हा बातमी अचानक आली असं मी म्हणणार नाही. तरी मांडीवरचं सूप तसंच उलटं करून मी उठले आणि शेंगा ओटाभर कोंबड्यांनी विसकटल्या. आता महिना होऊन गेलाय. भेटायला येणारी माणसं अजून विचारतात, अण्णांचं ते दगडांचं वेड शेवटी कुठवर आलं हो? प्रत्येकाला अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहावं म्हटलं.

अण्णा एसटीत कंडक्टर होता. भोर डेपोतून निघायचं, नसरापूर, मार्गासनी करत वेल्ह्याकडं जायचं आणि परत फिरायचं, यात त्याचं आयुष्य गेलं. शेवटच्या थांब्यावर गाडी टेकली की ड्रायव्हर पाठ टेकायचा आणि अण्णा शेतात शिरायचा. लोक डोंगर बघतात, किल्ले बघतात. हा खाली मान घालून चालायचा. लग्नाच्या वरातीतसुद्धा याची नजर जमिनीवरच होती, असं वहिनी अजून सांगते. कारण काय, तर नोकरीच्या सुरुवातीला कधीतरी नांगरलेल्या रानात त्याला दुधी रंगाची एक गार, म्हणजे गारगोटीची कपची, मिळाली होती. बोटभर लांब, पातळ, आणि कड अशी धारदार की उचलतानाच बोट कापलं. भोरच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना त्यानं ती दाखवली. ते म्हणाले, ही अशी आपोआप फुटत नाही, ही माणसानं मुद्दाम काढलेली आहे, लोखंड-तांबं कुणाला ठाऊक नव्हतं त्या काळातली. झालं! त्या दिवसापासून अण्णाच्या खाकी शर्टाच्या खिशाचं अस्तर कधी धड राहिलं नाही. दिवाळीला चकलीसाठी डब्यात हात घालावा आणि मूठभर गारा हाताला लागाव्यात, हे आमच्या घरातल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

मी त्याची थट्टा करायचे. म्हणायचे, "अरे, माणसं जमिनी गोळा करतात, तू जमिनीतले खडे गोळा करतोस." तो हसायचा, पण एकदा मात्र गंभीर होऊन म्हणाला, "शालू, जलमभर मी माणसांना ज्याच्या त्याच्या थांब्यावर उतरवत आलो. या खोऱ्यात पैलं पॅसेंजर कुठं उतरलं, कुठं बसलं, एवढंच मला बघायचंय. बाकी कायबी नको." मला ते तेव्हा वेडेपणाचं वाटलं. पण त्याला ते खरंच हवं होतं, आणि इतकं हवं असलेलं दुसरं काही त्यानं आयुष्यात मागितल्याचं मला आठवत नाही.

पुण्याच्या एक मॅडम होत्या, याच विषयातल्या जाणत्या. अण्णा चकलीचा डबा घेऊन त्यांच्याकडं गेला होता. त्यांनी एकेक गार भिंगाखाली धरून पाहिली, चहा पाजला आणि सांगितलं, की या सगळ्या खऱ्या आहेत, पण सुट्या आहेत. एक इथली, एक तिथली. नांगर दगडाला ओढून नेतो, पूर वाहून नेतो. माणसं बसून ही पाती काढत होती ती जागा हवी. तिथं खूप पाती एकत्र पडलेली असतील, त्यांचा कारखानाच म्हणा. अण्णा परत आला तो एखाद्या मुलीचं स्थळ पक्कं करून यावं तसा खुशीत. निवृत्त होईपर्यंत त्याला ती जागा मिळाली नाही. निवृत्तीनंतर मात्र त्याचा तोच उद्योग झाला. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परतायचं. डेपोतले लोक म्हणायचे, रिटायर झाला तरी याची ड्युटी काही सुटत नाही.

आणि एका श्रावणाच्या आधी त्याचा मला फोन आला. या वेळी ओरडणारा तो होता. "शालू, कारखाना गावला!"

मार्गासनीच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पोटात एक वाडी आहे. भातशेती करणारी, म्हशी-शेळ्या राखणारी घरं. वाडीच्या वर ऐनाच्या एका झाडाखाली गारजाई देवीचं ठाणं आहे. ठाणं म्हणजे काय, शेंदूर लावलेला एक तांदळा, नुसता गोल दगड, वर छप्पर नाही की बाजूला भिंत नाही. आणि त्या तांदळ्यापुढं ढीग. दुधी, मधाच्या रंगाच्या, काही तांबूस, बोटभर, नखाएवढ्या... सगळ्या धारदार गारा. अण्णानं म्हणे तिथं पायातल्या चपला काढल्या आणि बराच वेळ तो नुसता उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं अख्ख्या डेपोला पेढे वाटले. मी म्हटलं, आधी मॅडमना बघू दे. तर म्हणाला, "अगं, एवढ्या गारा एका जागी! यात बघायचं काय?" धीर धरणं त्याच्या रक्तातच नव्हतं, वेळेच्या आधी गाडी सोडल्याबद्दल साहेबांची बोलणी त्यानं बऱ्याचदा खाल्ली होती.

मॅडम आल्या तेव्हा भातलावणी ऐन भरात होती. पाऊस भुरभुरत होता. मॅडमच्या जेवणाचा डबा करण्यासाठी म्हणून अण्णानं मलाही बरोबर घेतलं होतं. निसरड्या वाटेनं आम्ही वर चढलो. मॅडम ढिगापाशी उकिडव्या बसल्या. त्यांनी लगेच हात लावला नाही, आधी देवीला नमस्कार केला, ते मला आवडलं. मग एक गार उचलून पाहिली, जागेवर ठेवली. दुसरी पाहिली. अण्णा दहावीचा निकाल लागायचा असल्यासारखा त्यांच्या तोंडाकडं बघत होता. मॅडमच्या कपाळाला हळूहळू आठी पडू लागली. "इथं माती नाही हो," त्या म्हणाल्या. "खाली नुसता खडक आहे. आणि या गारांना चिखल लागलाय तो वेगवेगळा. काही काळा, काही तांबडा... या इथल्या नाहीत."

इतक्यात खालून दोघी जणी वर आल्या. पुढं एक तरणी सासुरवाशीण, गुडघ्यापर्यंत चिखल, अंगठ्याला लुगड्याची चिंधी बांधलेली आणि चिंधी रक्तानं भिजलेली. मागं तिची सासू हौसाबाई, डोक्यावर इरलं. सून लंगडत ढिगापाशी आली, मुठीतली गार तिनं देवीपुढं टाकली आणि हात जोडले.

"काय ठेवलं गं, बाई?" अण्णानं विचारलं.

"चावरी गार, भाऊ. खाचरात पायाला चावली."

पुढचं हौसाबाईंनी सांगितलं. "आमच्यात पैल्यापास्नं हाय ते. गार चावली की बांधाबाहीर फेकायची न्हाई. फेकली का दुसरीला चावती. हितं आणून आईच्या वटीत टाकायची. तिचं दात तिला. आन् एकदा दिली का मंग परत उचलून न्यायची न्हाई."

अण्णा तिथंच ओल्या जमिनीवर बसला. त्याचा कारखाना म्हणजे कितीतरी पिढ्यांच्या बायकांच्या कापलेल्या पायांनी इथवर आणून टाकलेला ढीग होता. मॅडम भल्या बाई. त्या म्हणाल्या, असा ढीग मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही, याची दखल घ्यायलाच हवी. पण अण्णाला ज्या जागेचा ध्यास होता ती ही नव्हती. मी त्या मुलीचा अंगठा बाटलीतल्या पाण्यानं धुतला, पट्टी बांधली आणि उद्या दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घे असं बजावलं. डेपोत पुढं महिनाभर लोकांनी त्याला हैराण केलं. "अण्णा, कारखान्यात भरती कधी निघती?" हे तर तोंडावर विचारायचे. पेढे खाल्लेल्यांनीच विचारावं, याचा मला राग यायचा.

मला वाटलं, आता याचं वेड उतरेल. तर आठ-दहा दिवसांत तो सकाळच्या पहिल्या गाडीनं वरव्याला हजर. चहाही न घेता म्हणाला, "शालू, चल. तुझ्यासारखं काम हाय. बायकांचे पाय बघायचेत."

मग त्यानं समजावून सांगितलं. ढिगातली गार कुठून आली हे गार सांगू शकत नाही. पण ती जिला चावली ती सांगू शकते. लावणीच्या दिवसांत कापलेला पाय बाई विसरेल का? "प्रत्येकीला विचारायचं, कोणत्या खाचरात चावली. पण मी पुरुष माणूस. मी पाय दाखव म्हटलं तर मार खाईन. तू नर्सबाई, तुला दाखवतील." मी हसून हसून बेजार झाले. पण हसता हसता आठवलं, त्या वाडीवरून दर आषाढात दवाखान्यात कापलेल्या अंगठ्यांची रांग लागायची. आम्ही म्हणायचो, लोकांना चिखलात बाटल्या फोडायची खोडच आहे. मी पिशवीत कापूस आणि मलम टाकलं आणि निघाले.

आम्ही घरोघर फिरलो. अण्णा अंगणात लांब पाठमोरा उभा राहायचा आणि मी ओसरीवर बसून पाय बघायचे. पहिल्या दिवशी वाडीला नुसता तमाशा झाला. "कंडक्टरभाऊ तिकिटं फाडायचं सोडून आता पाय बघत्यात जनू," असं पोरी एकमेकींना ढोसत सांगत होत्या. पण एकदा बायका बोलायला लागल्या आणि मग थांबेनात. कुठल्या साली हे कुणालाच सांगता यायचं नाही, पण कुठल्या खाचरात, कुठल्या कोपऱ्यात, शेजारी कोण लावत होतं, हे सगळ्यांना पाठ. एकीनं टाचेवरचा पांढरा वण दाखवला आणि म्हणाली, "ह्यो माज्या थोरल्याच्या येळचा. पोटात हुता त्यो. वाकता येत न्हवतं, तरी गेले लावायला. सावड हुती ना, न जाऊन कसं चालंल?" सावड म्हणजे एकमेकींच्या शेतात फिरून लावणी करायची पद्धत. आज तुझं खाचर, उद्या माझं. त्यामुळं वाडीतली प्रत्येक बाई प्रत्येक खाचरात वाकलेली होती, आणि प्रत्येक खाचराचा स्वभाव तिला ठाऊक होता. कोणतं खाचर गुडघाभर ओढून घेतं, कोणत्यात जळवा लागतात... आणि कोणतं चावतं.

चावणारी थोडी थोडी सगळीच होती. पण फिरून फिरून एकच नाव यायला लागलं. जांभळीचं खाचर. ओढ्याच्या वळणावर, जांभळीच्या झाडाखाली असलेलं. चौथ्या-पाचव्या घरानंतर मी प्रश्न पुरा करायच्या आधीच अण्णा अंगणातून पाठमोराच विचारायचा, "जांभळीचं?" आणि आतून उत्तर यायचं, "व्हय की!"

ते खाचर हौसाबाईंचंच निघालं. त्यांनी आपला उजवा पाय पुढं केला. करंगळीला नखच नव्हतं. "लई चावरं खाचर ते," त्या हसत म्हणाल्या. "सासूबाई म्हनायच्या, लोक कुत्रं पाळत्यात, आपुन खाचर पाळलंय. पर पिकतं बगा. वाडीत त्याच्यासारकं भात दुसरं न्हाई."

त्या संध्याकाळी अण्णा खाचराच्या बांधावर उभा होता. ओढा जवळ, पूर चढणार नाही इतकी उंची, मागं वारा अडवणारा डोंगर. "मी असतो तर मीबी हितंच उतरलो असतो," तो म्हणाला. मॅडमना त्यानं तिथूनच फोन लावला. त्या आनंदल्या, पण म्हणाल्या, आठवणींवर मी काही सिद्ध करू शकत नाही. भात निघालं की एक लहानसा खड्डा घेऊन बघू, कमरेइतका. परवानगी मीच काढेन, तुम्ही शेतमालकाला विचारा.

अण्णानं हौसाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "खणा की. तुमास्नी न्हाई म्हनायचं न्हाई मला. लई चाललाय तुमी त्याच्यापायी. पर... तळ फुटंल, भाऊ. माज्या सासऱ्यानं आन् त्याच्या बानं बैलं तुडवून तुडवून बसवलाय त्यो तळ. एकदा फुटला का पानी ऱ्हात न्हाई. चाळण हुती खाचराची. मंग भरत बसा जलमभर." त्यांनी तक्रार म्हणून नव्हे, आपली माहिती असावी म्हणून सांगितलं. आणि वर पुन्हा म्हणाल्या, "तरी खणा."

नसरापूरला गाडी बदलायला उतरलो तेव्हा आम्ही टपरीवर चहा घेतला. अण्णानं कप हातात धरला होता, पण तो पीत नव्हता. मग म्हणाला, "नको, शालू. पैलं पॅसेंजर कुठं बसलं हुतं ते बघायसाठी आत्ता बसलेल्याला उठवायचं का?" एवढं बोलून त्यानं मॅडमना फोन करून खड्डा नको म्हणून सांगून टाकलं. सबंध हयात ज्याच्यामागं घालवली ते कमरेभर मातीखाली होतं, आणि यानं एका चहात ते सोडून दिलं. मला त्या वेळी त्याचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "चहा पी, साय धरली त्याच्यावर."

पण खोड ती खोड. तळाला हात लावायचा नाही, मग बांधाला? दर उन्हाळ्यात भातखाचरांचे बांध ढासळलेले असतात, ते पुन्हा घालावे लागतात. आणि बांधाची माती पूर्वीच्या लोकांनी खाचरातूनच ओढलेली असते. अण्णा वैशाखात हौसाबाईंच्या माणसांबरोबर बांध घालायला जाऊ लागला. घमेली उचलायचा, ढेकळं फोडायचा आणि प्रत्येक ढेकूळ चुरून बघायचा. याच काळात त्याचे पाय सुजायला लागले. मी म्हणाले, "सगळ्या मुलखाचे पाय बघून झाले, आता स्वतःचे बघ." डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ तोडलं, ओझं उचलायचं नाही म्हणून सांगितलं. गोळ्या त्यानं घेतल्या. घमेलं मात्र सोडलं नाही. त्याचा मला राग आला होता, अजूनही येतो.

बांधाच्या पोटात त्याला गाभा सापडला. गाभा हा मॅडमचा शब्द. लिंबाएवढा, मधाच्या रंगाचा दगड, आणि चहूबाजूंनी त्याच्यावर लांबट, सरळ पन्हळीसारख्या खाचा. प्रत्येक खाचेतून कधीकाळी कुणीतरी एक पातं काढून घेतलेलं. मोबाईलवर फोटो पाहून मॅडम खूप वेळ बोलल्या. त्यांनी सांगितलं, नुसता गाभा सापडला तर तोही वाहून आला म्हणता येईल. पण या गाभ्यातून निघालेलंच एखादं पातं मिळालं आणि ते त्याच्या खाचेत अचूक बसलं, तर दगड तिथंच फुटला, म्हणजे फोडणारा तिथं बसला होता, एवढं पक्कं. मग मी लेखी मान्य करेन. अण्णानं विचारलं, "पातं कुठून आणायचं?" आणि उत्तर त्याचं त्यालाच मिळालं. त्या खाचरातली पाती बायकांनी केव्हाच उचलून गारजाईच्या ओटीत नेऊन टाकली होती.

आता पंचाईत अशी, की देवीला दिलेलं परत न्यायचं नाही. अण्णानं वाडीतल्या बायकांना सरळ विचारलं. त्यांनी आपापसात बरीच चर्चा केली. अखेर ठरलं, की तिथंच बसून बघायचं, देवीच्या नजरेसमोर, आणि बघून झालं की तिथंच ठेवायचं. गाभ्याचा प्रश्न अण्णानं स्वतःच सोडवला. ओढ्यावर धुताना त्या दगडानं त्याचा अंगठा कापला होता. तो म्हणाला, "मलाबी चावलाय. म्हंजी माझी गारबी आईचीच." आणि त्यानं गाभा तांदळ्याच्या कुशीला ठेवून दिला. तिथून तो कधीच खाली आणला नाही.

पुढं दीडेक वर्ष, अंगात बळ होतं तोवर, अण्णा जमेल तसा तिथं जाऊन बसायचा. डाव्या हातात गाभा, उजव्या हातानं एक गार उचलायची, खाचेला लावून बघायची, फिरवून बघायची, नाही बसली की बाजूला ठेवायची. मी एक-दोनदा त्याच्याबरोबर गेले आणि तासाभरात कंटाळले. तो कंटाळला नाही. एकदा तिथूनच फोन केला, "बसलं, शालू! बसलं!" मी उभी राहिले. पलीकडं थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला... मग म्हणाला, "न्हाई. हालतंय." मला वाटतं, त्या दिवशी त्याच्यापेक्षा मीच जास्त रडले. मी त्याला म्हटलं होतं, अरे नाहीच मिळालं तर? तर म्हणाला, "मग बसायचं. बरं वाटतं तिथं."

दिवाळीनंतर त्याला जिना उतरणं होईना. वहिनीनं त्याच्या चपला लपवून ठेवल्या होत्या, त्याचीही गरज राहिली नाही. मी आठवड्यातून दोनदा भोरला जायचे, सूज बघायचे, रक्तदाब घ्यायचे. गारांबद्दल तो फारसं बोलायचा नाही. एकदाच म्हणाला, "निम्म्या तरी व्हायला पायजे हुत्या गं." मी म्हटलं, होतील. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं की त्या व्हायच्या नाहीत. त्याला हवं असलेलं एकच काम, आणि ते अर्धं टाकून तो चालला होता. हे त्याच्या दुखण्यापेक्षा मला जास्त सलत होतं.

तेराव्यानंतर मॅडमचा फोन आला. त्या खूप हळव्या झाल्या होत्या. म्हणाल्या, तो गाभा मिळाला तर आमच्याकडं काचेच्या कपाटात ठेवू, खाली अण्णांचं नाव लिहू. अण्णाच्या पोराला ते पटलं, वहिनीला पटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही हवंच होतं. कंडक्टरचं नाव कुठं लिहिलेलं राहतं? चार लोक वाचतील, म्हणतील हा आमच्या भोरचा. हौसाबाईंना समजावून सांगू, नाही म्हणायच्या नाहीत त्या. कापडी पिशवी घेऊन मी मार्गासनीला उतरले आणि वर चढले.

मंगळवार होता. ऐनाखाली पाच-सहा बायका होत्या. मला वाटलं, देवीचा वार म्हणून आल्या असतील, आणि आल्या होत्याही त्यासाठीच. पण हळदीकुंकू वाहून झाल्यावर त्या उठेनात. एकीनं तांदळ्याजवळचा गाभा उचलला, ढिगातली एक गार घेतली, खाचेला लावली, डोळा बारीक करून फिरवून बघितली आणि मान हलवून ती पलीकडच्या लहान ढिगात ठेवली. मग गाभा तिनं शेजारणीच्या हातात दिला. तिनंही तसंच केलं. मी तिथंच एका धोंड्यावर टेकले.

हौसाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांना अण्णाचं कळलं होतं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "भाऊ यायचं थांबलं तवाच आमी धरलं हे. कुंकू लावलं का जाताना एकेकीनं एक गार लावून बगायची. त्या अंगाच्या तिकीट झालेल्या, ह्या अंगाच्या ऱ्हायलेल्या."

"तिकीट झालेल्या?"

"भाऊच म्हनायचं तसं. आमच्या बी तोंडात बसलंय." त्या ढिगाकडं बघत राहिल्या. "लई ऱ्हायल्यात. आमच्या हातनं न्हाई झालं तर सुना करतील. पर मंग ते भाऊंस्नी कळवायचं कसं, नर्सबाई?"

पिशवी माझ्या काखेत होती, ती मी घडी करून पदराखाली सारली. गाभा हातोहात फिरत आमच्यापर्यंत आला होता. हौसाबाईंनी तो माझ्यापुढं धरला. "घ्या. भाऊंची भैन तुमी. एक बगा लावून."

उन्हात राहून दगड कोमट झाला होता. मी ढिगातली एक दुधी गार उचलली, खाचेला लावली, फिरवली, पुन्हा लावली. बसली नाही. मी ती तिकीट झालेल्यांत ठेवली. खाली फाट्यावर परतीच्या एसटीचा हॉर्न वाजला, बायका म्हणाल्या, "बाई, गाडी चालली तुमची." मी म्हटलं, "जाऊ दे," आणि दुसरी गार उचलली.